चुन्याने आखलेली चौकट



या वेळी विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतल्या बेसबॉलचा. त्यातही कुठल्या विक्रमवीराचा नाही. विक्रमांच्या यादीत ज्याचे नाव फार वर सापडत नाही आणि जो पुढे शिकवणारा झाला, अशा एका खेळाडूचा. त्याचे नाव जॉन जॉर्डन ओनील. सगळे त्याला 'बक' म्हणत, म्हणून मीही बकच म्हणते. वयाने तो माझ्या वडिलांपेक्षाही मोठा, तरी 'तो' म्हणते आहे याचा राग मानू नका. खेळाडूला आपण मायेने एकेरीच हाक मारतो. सुनील, सचिन, तसाच बक.

बेसबॉल मला थोडाफार कळू लागला तो नातवामुळे. पण बक ओनीलकडे मी वळले ती खेळामुळे नव्हे, तर इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे. इतिहासात कोणाची नोंद होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न वर्गात कायम माझ्यासमोर असायचा. बकचे सगळे आयुष्य त्या प्रश्नाभोवती फिरते.

गोष्ट सांगण्याआधी खेळातल्या दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. जाणकारांनी हा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग चौकोनी असतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. चौथे ठाणे म्हणजे होमप्लेट, फलंदाज जिथे उभा असतो ती जागा. तिथून निघून तिन्ही बेसना पाय लावून परत घरी आले की एक धाव. या चौकोनाची राखण करणारे ते इनफिल्डर. बक त्यांतला फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसचा राखणदार. इतरांनी चेंडू अडवून त्याच्याकडे फेकायचा आणि त्याने बेसला पाय टेकवून, फलंदाज पोहोचायच्या आत तो पकडायचा. फेक नेमकी आली तर प्रश्नच नाही. पण घाईघाईत ती कधी टप्पा खाऊन येते, कधी बाजूला जाते. चांगला फर्स्ट बेसमन ओणवा होऊन, अंग ताणून ती उचलतो आणि दुसऱ्याची चूक झाकली जाते. गंमत अशी, की या कामाची वहीत नोंदच होत नाही. चूक झालीच नाही, तर लिहायचे काय!

दुसरी गोष्ट चौकटीची. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाहेरच्या अंगाला चुन्याने आखलेली एकेक चौकट असते. आपला संघ फलंदाजी करत असताना तिथे प्रशिक्षक उभे राहतात. तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकाचे काम फार जोखमीचे. जिवाच्या आकांताने पळत येणाऱ्या खेळाडूला चेंडू मागे कुठे आहे ते दिसत नाही, त्याला दिसतो तो प्रशिक्षकाचा हात. हात गोल फिरला की सरळ घराकडे धावायचे, तळवे वर झाले की जागीच थांबायचे. विचार करायला क्षणभराचाही वेळ नसतो. सामना तिथे जिंकला किंवा हरला जातो, आणि तेही हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

आता मुख्य गोष्ट. २९ मे १९६२ रोजी शिकागो कब्ज या संघाने बक ओनीलची प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर केली. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलमध्ये, प्रशिक्षक होणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. वय पन्नास. वर्तमानपत्रांत बातमी आली, फोटो आले. आणि त्या मोसमात त्या चुन्याच्या चौकटीत मात्र त्याला एकदाही उभे राहू दिले गेले नाही.

हे असे का झाले ते कळायला थोडे मागे जावे लागेल.

बकचा जन्म १३ नोव्हेंबर १९११ चा, फ्लोरिडातल्या कॅराबेल गावचा. त्याचे आजोबा गुलाम होते. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केले, त्यांनी जी गुलामी मोडून काढली तीच ही. कायद्याने ती १८६५ मध्ये संपली होती. पण कायदा बदलला म्हणून माणसे एका रात्रीत बदलत नाहीत, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

कुटुंब पुढे सारासोटा शहरात आले. तिथे सेलरी नावाच्या भाजीचे मोठमोठे मळे होते. बकचे वडील तिथे कामाला आणि कोवळा बकही खोकी उचलायला. रणरणते ऊन, खाली चिखल. या जगात यापेक्षा काहीतरी बरे असलेच पाहिजे, असे त्या मळ्यात आपल्याला वाटले, हे तो म्हातारपणीही सांगत असे. शाळेचे म्हणाल, तर सारासोटात हायस्कूल होते, पण ते गोऱ्या मुलांसाठी. कृष्णवर्णीय मुलांना घेणारी हायस्कुले अख्ख्या फ्लोरिडा राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे शिकायला त्याला घर सोडून जॅक्सनव्हिलला जावे लागले. तिथल्या एडवर्ड वॉटर्स कॉलेजात त्याने हायस्कूल आणि पुढची दोन वर्षे पूर्ण केली. ज्या सारासोटा हायस्कूलने त्याला दार उघडले नव्हते, त्याच शाळेने १९९५ मध्ये त्याला मानाने पदविका दिली. तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. निवृत्त शिक्षिका म्हणून सांगते, आनंदाचा असूनही तो प्रसंग मला वाचवत नाही.

मळ्यातून बाहेर काढले ते बेसबॉलने. हिवाळ्यात मोठे संघ सरावाला फ्लोरिडात येत, कारण तिथे थंडी नसते. कुंपणाच्या बाहेर उभे राहून पोरे बघत. बकने तिथे बेब रूथला पाहिले, आणि पाहण्याआधी ऐकले. बॅटवर चेंडू बसल्याचा असा आवाज त्याने आयुष्यात तीनदाच ऐकला, असे तो सांगे. एकदा बेब रूथचा, नंतर निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनचा आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, म्हातारपणी, बो जॅक्सन या तरुणाचा. असा कान ज्याला असतो तो पुढे मोठा पारखी झाला यात नवल नाही.

'निग्रो लीग' हा शब्द आला, म्हणून थोडे सांगते. आज तो शब्द कोणी माणसांसाठी वापरत नाही, पण त्या संघटनांचे नाव इतिहासात तेच आहे. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू नकोत असा लेखी नियम कुठेच नव्हता. असायची गरजच नव्हती! सगळ्या मालकांनी मनोमन ठरवले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते पाळले जात होते. लेखी नियमाविरुद्ध निदान अर्ज तरी करता येतो. जो नियम नाहीच असे सगळे म्हणतात, त्याच्याविरुद्ध कुठे जायचे? शेवटी फेब्रुवारी १९२० मध्ये रूब फॉस्टर याने पुढाकार घेतला. हा स्वतः एके काळचा नावाजलेला पिचर आणि संघाचा मालक. कॅन्सस सिटीत वायएमसीएच्या इमारतीत संघमालकांची बैठक झाली आणि निग्रो नॅशनल लीग उभी राहिली. तुमच्यात जागा नाही ना, मग आमची जागा आम्ही करतो, असा तो बाणा होता.

बक १९३४ मध्ये फ्लोरिडातून बाहेर पडला. गावोगाव फिरून खेळणाऱ्या फिरस्त्या संघांतून त्याने काही वर्षे काढली. १९३७ मध्ये मेम्फिस रेड सॉक्स आणि १९३८ पासून कॅन्सस सिटी मोनार्क्स. मोनार्क्स हा निग्रो लीगमधला सर्वांत नावाजलेल्या संघांपैकी एक. त्याचा मालक जे. एल. विल्किन्सन गोरा होता, पण माणूस वेगळा. त्याने १९३० मध्ये ट्रकवर बसवलेले फिरते दिवे करून घेतले आणि रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमध्ये दिव्यांखालचा पहिला सामना व्हायला १९३५ साल उजाडावे लागले! दिवसभर कामावर असणारे लोक रात्री येऊ शकत. रविवारी तर चर्चमधून लोक थेट ठेवणीतल्या कपड्यांत मैदानावर येत, आणि सामना असला की पाद्रीही प्रार्थना लवकर सुरू करून लवकर आटोपती घेत, असे बक हसत हसत सांगायचा.

हे सांगायचे कारण असे, की निग्रो लीग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केवळ दुःख उभे राहते. बकला ते चित्र मान्य नव्हते. हॉटेलात जागा मिळत नसे, पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरू देत नसत, रात्र रात्र बसमध्ये काढावी लागे, हे सगळे खरेच. पण आम्ही उत्तम खेळत होतो, उत्तम राहत होतो, आमच्या वस्तीतली हॉटेले आणि आमचे जाझ गायक कोणाहून कमी नव्हते, असे तो ठासून सांगे. त्याच्या आत्मचरित्राचे नावच 'आय वॉज राइट ऑन टाइम' असे आहे. लोक हळहळत म्हणत, बक, तू जरा लवकर जन्मलास. त्यावर त्याचे उत्तर ते नाव आहे. मी अगदी वेळेवर आलो!

खेळाडू म्हणून तो कसा होता? चांगला होता. पहिल्या बेसवर भरवशाचा, फलंदाजीत नेमका. लीगच्या निवडक खेळाडूंच्या ईस्ट-वेस्ट सामन्यात तो १९४२, १९४३ आणि १९४९ असा तीनदा खेळला. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सनी होमस्टेड ग्रेज या बलाढ्य संघाला चार-शून्य असे धुऊन काढले, त्या संघात तो होता. पण सॅचेल पेज किंवा जॉश गिब्सन यांच्या पंक्तीत तो बसत नाही, आणि तसा दावा त्याने स्वतःही केला नाही.

मग युद्ध आले. बक नौदलात गेला आणि फिलिपाइन्समध्ये होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तिथेच त्याला बातमी कळली की ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले. तो रॉबिन्सन त्याच वर्षी मोनार्क्सकडून खेळला होता! १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला आणि साठ-एक वर्षांची भिंत पडली. तेव्हा बक पस्तिशीत होता. पस्तिशीतल्या फर्स्ट बेसमनला कोण बोलावणार? दार उघडले, पण ते धाकट्यांसाठी.

युद्धावरून परतल्यावर १९४६ मध्ये त्याने ओरा ली ओवेन हिच्याशी लग्न केले. ती मेम्फिसची, पेशाने शिक्षिका. हे वाचून मला उगीचच बरे वाटले! १९९७ मध्ये तिचा मृत्यू झाला. तोवर एकावन्न वर्षांचा संसार झाला होता.

१९४८ मध्ये बक मोनार्क्सचा मॅनेजर झाला. बेसबॉलमध्ये मैदानावरचे सगळे निर्णय घेणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. संघ कोणता खेळवायचा, पिचर केव्हा बदलायचा, धावणाऱ्याला केव्हा सोडायचे, सगळे त्याच्या हातात. आठ वर्षे त्याने ते काम केले. पण काळ असा विचित्र, की जितके उत्तम शिकवावे तितका संघ रिकामा होणार! एल्स्टन हॉवर्ड त्याच्या हाताखाली तयार झाला, यांकीजकडे गेला आणि १९५५ मध्ये त्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. एर्नी बँक्स नावाचा कोवळा, अबोल शॉर्टस्टॉप आला. सप्टेंबर १९५३ मध्ये शिकागो कब्जने त्याला घेतले, त्याने पुढे ५१२ होमरन मारले आणि १९७७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. बँक्सचा हसरा, उत्साही स्वभाव अमेरिकेत दंतकथा झाला होता. तो आपण बकपासून शिकलो, असे तो सांगत असे.

एकीकडे हे समाधान, दुसरीकडे आपल्याच घराचे वासे एकेक करून उपसले जाताना पाहणे. चाहते आता रॉबिन्सनला पाहायला मेजर लीगच्या मैदानांवर जाऊ लागले. मेजर लीगचे मालक खेळाडू नेत, पण मूळ संघाला नेहमी मोबदला देत असे नाही. रॉबिन्सनसाठी मोनार्क्सना दमडीही मिळाली नव्हती. १९५५ मध्ये कॅन्सस सिटीतच मेजर लीगचा संघ आला. त्या मोसमानंतर मोनार्क्स विकला गेला, आणि बक कब्जकडे स्काउट म्हणून, म्हणजे गुणी पोरे हेरून आणणारा माणूस म्हणून, रुजू झाला. न्याय झाला तो असा, की ज्यांनी तो मिळवायला घाम गाळला त्यांचेच घर त्यात मोडले. वर्गात शिकवताना आपण अशा घटना 'प्रगती' या एका शब्दात गुंडाळून पुढे जातो.

स्काउटच्या नोकरीत बकने दक्षिणेतले रस्ते गाडीने पिंजून काढले. इतर स्काउट जात नसत त्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत तो जाऊन बसे. लुइझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीत त्याला लू ब्रॉक सापडला, १९६० मध्ये त्याने त्याला कब्जसाठी करारबद्ध केले. १९६४ मध्ये कब्जने या ब्रॉकला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. तिथे त्याने कारकिर्दीत ९३८ बेस चोरण्याचा, त्या वेळचा विक्रम केला. चोरणे म्हणजे पिचरला चकवून पुढच्या बेसवर पळून जाणे. कब्जचे चाहते त्या व्यवहाराबद्दल अजून हळहळतात.

पण मला सगळ्यात आवडतो तो बिली विल्यम्सचा किस्सा. १९५९ मध्ये हा विशीतला पोरगा कब्जच्या टेक्सासमधल्या कनिष्ठ संघात होता. बाकीचे खेळाडू हॉटेलात जेवत आणि कृष्णवर्णीयांना आत प्रवेश नाही. पोराला ते सोसवेना. एके दिवशी तो कोणाला न विचारता सरळ अलाबामातल्या आपल्या घरी निघून गेला, पुन्हा खेळायचेच नाही म्हणाला. संघाने बकला पाठवले. बकने काय करावे? उपदेश केला नाही, कराराची भीती घातली नाही. घरी गेला, आईवडिलांशी गप्पा मारल्या, जेवला. मग बिलीला म्हणाला, चल, जरा मैदानावर जाऊन येऊ. तिथे खेळणारी गावची मुले बिलीला पाहून धावत आली, त्याच्याभोवती जमली, तिकडे कसे असते, काय असते, विचारू लागली. त्यांच्या डोळ्यांत बिलीला स्वतःचे मोल दिसले. तो परत गेला. १९६१ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढे ४२६ होमरन मारले आणि १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मंडळी, शिक्षणशास्त्रावरची जाडजूड पुस्तके मी बी.एड.ला वाचली. पण रुसून गेलेल्या मुलाला परत आणण्याची याहून चांगली रीत मला त्यांत सापडली नाही.

तर आता आपण पुन्हा १९६२ मध्ये येतो. कब्जचे मालक फिलिप रिग्ली, च्युइंगगमवाले. त्यांनी १९६१ पासून एक अजब प्रयोग सुरू केला होता. एक मॅनेजर नेमायचाच नाही. प्रशिक्षकांचे एक मंडळ करायचे आणि त्यांनी पाळीपाळीने मुख्य व्हायचे. या मंडळाला 'कॉलेज ऑफ कोचेस' म्हणत. बकला या मंडळात घेतले. पण घेतानाच स्पष्ट केले, की त्याचे काम खेळाडूंना शिकवण्याचे, मुख्य प्रशिक्षकाच्या पाळीत त्याचे नाव नाही. म्हणजे आठ वर्षे संपूर्ण संघ चालवलेला माणूस, ज्याच्या हाताखालून एर्नी बँक्स गेला तो माणूस, पाळीपाळीने का होईना, पण मुख्य होऊ शकत नव्हता.

त्या मोसमातला एक सामना. पंचांशी वाद झाला आणि मुख्य प्रशिक्षकाला मैदानाबाहेर काढले गेले. तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा त्याच्या जागी आला, मग त्यालाही पंचांनी बाहेर काढले. चौकट रिकामी. बाकावर प्रशिक्षक उरला तो बक. सगळ्यांना वाटले, आता हाच जाणार. तेवढ्यात मैदानाच्या पार टोकाला पिचर जिथे हात गरम करतात, तिथून पिचरांचा प्रशिक्षक फ्रेड मार्टिन याला बोलावणे गेले. तो एवढे मैदान ओलांडून आला आणि चौकटीत उभा राहिला. बक बाकावरच. बेसबॉलमधल्या इतक्या वर्षांत मला क्वचितच इतके लागले असेल, असे त्याने नंतर लिहिले. चौकटीत जाऊ द्यायचे नाही असे आधीच ठरले होते, हेही त्याला मागाहून कळले.

बघा, इथेही लेखी नियम नव्हता!

त्या वर्षी कब्ज १०३ सामने हरले. दहा संघांत नववे. त्याच वर्षी नव्याने जन्मलेला ह्यूस्टनचा संघसुद्धा त्यांच्या वर होता. १०३ पराभव चालले, पण एका कृष्णवर्णीय माणसाने हात फिरवून धावणाऱ्याला घरी पाठवलेले चालणार नव्हते. मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मिळायला १९७५ साल उजाडले, क्लीव्हलंडचा फ्रँक रॉबिन्सन. बक तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता आणि पुन्हा स्काउट म्हणून रस्ते तुडवत होता.

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस कडवट झाला असेल. तेच तर नवल, की झाला नाही. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो लीग बेसबॉल संग्रहालय सुरू झाले. त्याच्या उभारणीत तो आघाडीवर होता. १९९४ मध्ये केन बर्न्स यांच्या बेसबॉलवरच्या दीर्घ माहितीपटात तो दिसला आणि ब्याऐंशीव्या वर्षी अख्ख्या देशाचा लाडका झाला. कथा सांगावी ती त्यानेच. स्वतःच्या फारशा नाहीत, सोबत्यांच्या. हॉल ऑफ फेमच्या ज्येष्ठांच्या समितीवर तो वीसेक वर्षे होता. तिथे त्याने निग्रो लीगच्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंची नावे लावून धरली. त्याचा मोनार्क्समधला सोबती हिल्टन स्मिथ २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मग २००६ साल आले. निग्रो लीग आणि त्याआधीच्या काळातल्या राहून गेलेल्या लोकांसाठी बारा जाणकारांची खास समिती नेमली गेली. त्यांनी सतरा जणांना निवडले. सतराही जण हयात नव्हते. यादीतल्या उमेदवारांपैकी हयात दोघेच होते, बक ओनील आणि मिनी मिन्योसो. या दोघांनाच पुरेशी मते पडली नाहीत!

समितीची माणसे अभ्यासू होती, त्यांनी आकडे तपासले असतील. पण कोणते आकडे? फलंदाजीची सरासरी मोजता येते. फर्स्ट बेसमनने झाकलेल्या चुका मोजता येत नाहीत. बिली विल्यम्सला घरून परत आणले ते कोणत्या रकान्यात लिहायचे? खेळाडू म्हणून थोडे कमी, मॅनेजर म्हणून थोडे कमी, स्काउट म्हणून रकानाच नाही, आणि प्रशिक्षक म्हणून तर चौकटीतच उभे केले नाही. प्रत्येक रकान्यात थोडे कमी पडणारा माणूस बेरजेत सगळ्यांहून मोठा असू शकतो. पण बेरीज करायला कोणी बसले नाही.

आणि बक? समारंभ ३० जुलै २००६ रोजी कूपर्सटाउनला झाला. गेलेल्या सतरा जणांच्या वतीने बोलायला कोणीतरी हवे होते. चौऱ्याण्णव वर्षांचा बक गेला आणि बोलला. स्वतःबद्दल अवाक्षर तक्रार नाही. शेवटी त्याने सगळ्या जमावाला एकमेकांचे हात धरायला लावले आणि गाणे म्हणवून घेतले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ६ ऑक्टोबर २००६ रोजी, तो गेला.

हा प्रसंग सांगून लोक डोळे पुसतात आणि म्हणतात, केवढे मोठे मन! मलाही तसे वाटते. पण इथे मला एक गोष्ट टोचते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी नोकरीत असताना आमच्याकडे एक बाई होत्या. तीसेक वर्षे शिकवले. मुले त्यांच्यावर जीव टाकत. मुख्याध्यापिकेची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याला मिळाली. कारण कोणी बोलले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते. निरोप समारंभात जो उठला तो म्हणाला, 'बाईंनी कधी तक्रार केली नाही.' टाळ्या पडत होत्या आणि बाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्या टाळ्या बाईंसाठी होत्या की आपल्या सगळ्यांची सुटका झाली म्हणून होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

बकने कटुता धरली नाही हा त्याचा गुण. त्याचे श्रेय त्याचे एकट्याचे. पण ज्यांनी चौकट नाकारली त्यांचा हिशोब त्यामुळे चुकता होत नाही. सोसणाऱ्याच्या चांगुलपणाचे आपण फार कौतुक करतो, कारण ते कौतुक स्वस्त पडते. आणि एक विसरू नका, बकने तो चौकटीचा प्रसंग लिहून ठेवला. हसत राहिला, पण झाकले नाही. राग न धरणे वेगळे आणि विसरणे वेगळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक त्याच्याकडून शिकावा.

पुढचे थोडक्यात सांगते. डिसेंबर २००६ मध्ये त्याला मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. २००८ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पुतळा बसवला. म्हणजे पुतळा आत, पण नाव यादीत नाही! डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने जाहीर केले, की १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग याही मेजर लीगच होत्या. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले आणि कारकिर्दीतल्या सर्वोच्च सरासरीचा मान जॉश गिब्सनकडे आला. मधल्या काळात, ५ डिसेंबर २०२१ रोजी, दुसऱ्या एका समितीने सोळापैकी तेरा मते देऊन बकला हॉल ऑफ फेममध्ये निवडले. त्याच दिवशी मिन्योसोही निवडला गेला. सन्मान सोहळा जुलै २०२२ मध्ये झाला. तोवर बकला जाऊन पंधरा वर्षे उलटली होती आणि मिन्योसोला सात.

आता कॅन्सस सिटीच्या कॉफमन स्टेडियमवर २००७ मध्ये सुरू झालेली एक प्रथा सांगते आणि थांबते. होमप्लेटच्या मागे, बक स्काउट म्हणून सामने बघायला बसत असे तिथे, निळ्या खुर्च्यांमध्ये एक खुर्ची लाल केली. तिथे प्रत्येक सामन्याला अशा माणसाला बसवायचे, ज्याने लोकांसाठी काहीतरी केले आहे आणि ज्याचे नाव एरवी कोणी घेत नाही. कोणाचा तरी शेजारी, कोणाची तरी शिक्षिका. हॉल ऑफ फेमच्या पाटीपेक्षा ही खुर्ची बकला जास्त आवडली असती, असे मला आपले वाटते.

असो. लेख लांबला. तुमच्या आयुष्यातही असे कोणी असेल, ज्यांनी तुम्हाला घडवले आणि ज्यांचे नाव कुठल्याच पाटीवर नाही. सवडीने त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहा. आणि ते हयात असतील, तर आधी त्यांना फोन करा.